जवानाच्या प्रशिक्षणाला पदवीचे मोल

धाराशिव तालुक्यातील बेंबळी हे परिसरातील लहान खेड्यांना जवळचे असे बाजारपेठेचे गाव आहे. भोवतालची शेती बहुतांशी कोरडवाहू असून पाऊस बेभरवशाचा असतो. धाराशिव म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा. केंद्र शासनाने २०१८ मध्ये देशातील आकांक्षित जिल्ह्यांची निवड केली, तेव्हा महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांचा त्यात समावेश झाला, त्यांत हा एक होता. अशा भागात सैन्यभरतीची जाहिरात निघाली की अनेक घरांच्या आशा तिच्याकडे लागतात. शेतीला जोड मिळावी, घरात नियमित वेतन यावे आणि मुलाला शिस्त लागावी, अशा तिहेरी अपेक्षेने पालक मुलांना भरतीसाठी पाठवितात.

या भरतीचे स्वरूप जून २०२२ मध्ये अग्निपथ योजनेने बदलले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच सुमारास जवानांच्या व्यावसायिक शिक्षणातही एक महत्त्वाचा बदल झाला. सैन्यात घेतलेले प्रशिक्षण विद्यापीठाच्या पदवीसाठी मोजण्याची तरतूद करण्यात आली. तिच्याविषयी खेड्यापाड्यांत फारसे बोलले जात नाही. हा बदल नेमका काय आहे, तो का करावा लागला आणि त्याचा लाभ गावातील मुलामुलींच्या पदरात पडावा यासाठी शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांनी काय करावे, याचा विचार या लेखात केला आहे.

अधिकारी आणि जवान

सैनिकी शिक्षणाला नागरी मान्यता देण्याची कल्पना आपल्या राज्याला नवीन नाही. खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते बसविण्यात आली आणि जानेवारी १९५५ मध्ये प्रबोधिनीचे रीतसर उद्घाटन झाले. तेथील तीन वर्षांच्या शिक्षणाला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी देण्याची व्यवस्था १९७० च्या दशकात झाली. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही प्रथम पुणे विद्यापीठाची आणि पुढे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी मिळत आली. दापोडीच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात अधिकारी अभियांत्रिकीची पदवी घेतात.

याचा अर्थ असा की, अधिकारी होणाऱ्या तरुणाने सैनिकी संस्थेत जे शिक्षण घेतले, ते बाहेरच्या जगाने जवळजवळ अर्धशतकापूर्वी मान्य केले. जवानाची स्थिती मात्र वेगळी होती. खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या केंद्रात, बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात किंवा नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात जवान कवायतीबरोबर इतरही पुष्कळ शिकतो. नकाशावाचन, प्रथमोपचार, संदेशवहन, वाहन चालविणे व दुरुस्त करणे, पूल बांधणे, वीजजोडणी, भांडाराचे हिशेब अशी कितीतरी कामे त्याच्या अंगवळणी पडतात. तथापि, तो निवृत्त होऊन गावी परतला की त्याच्या हाती दहावीचे प्रमाणपत्र तेवढे असे. गणवेशातील पंधरा-सतरा वर्षांत त्याने मिळविलेले ज्ञान नोकरीच्या अर्जातील शैक्षणिक पात्रतेच्या रकान्यात बसत नसे.

पूर्वीची सवलत

ही उणीव शासनाच्या लक्षात आली नव्हती असे नाही. भूसेनेचे विशेष शिक्षण प्रमाणपत्र मॅट्रिकच्या बरोबरीचे मानले जात होते. केंद्र शासनाच्या सेवांत माजी सैनिकांची पुनर्नियुक्ती करण्यासाठी १९७९ मध्ये नियम करण्यात आले. मॅट्रिक किंवा तत्सम परीक्षा उत्तीर्ण झालेल्या आणि किमान १५ वर्षे सेवा केलेल्या माजी सैनिकाला, पदवी ही आवश्यक पात्रता असलेल्या गट क च्या पदांसाठी पात्र समजावे, अशी तरतूद त्यांत पुढे करण्यात आली. तांत्रिक अथवा व्यावसायिक अनुभवाची अट असलेली पदे तिच्यातून वगळण्यात आली. याशिवाय पुनर्वसन महासंचालनालयामार्फत निवृत्तीच्या उंबरठ्यावरील जवानांना निरनिराळ्या व्यवसायांचे प्रशिक्षणही दिले जाऊ लागले. भूसेना आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांनी २००९ मध्ये 'ज्ञानदीप' हा उपक्रम हाती घेऊन सैन्यातील प्रशिक्षणाची विद्यापीठीय शिक्षणाशी सांगड घालण्याचा प्रयत्न केला.

पंधरा वर्षांच्या सेवेची ही सवलत उपयुक्त होती. परंतु तिच्यात जवान काय शिकला याची मोजदाद नव्हती. तो किती वर्षे सेवेत होता, एवढेच पाहिले जाई. शिवाय ही समकक्षता मुख्यतः नोकरीपुरती होती. तिच्या आधारे विद्यापीठात पुढील शिक्षणासाठी प्रवेश मागता येत नसे.

चार वर्षांच्या सेवेने उभा केलेला प्रश्न

अग्निपथ योजनेत भरती झालेला अग्निवीर चार वर्षे सेवा करतो. चार वर्षांनंतर प्रत्येक तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांना नियमित सेवेत घेण्याची तरतूद योजना जाहीर होताना करण्यात आली. याचा सरळ अर्थ असा की, दर चौघांपैकी तिघे जण ऐन तारुण्यात, बाविशी-पंचविशीच्या सुमारास, गावी परत येणार. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या प्रारंभी प्रशिक्षण केंद्रांत दाखल झाल्या. त्यामुळे त्यांची चार वर्षे २०२६ ची अखेर ते २०२७ चा प्रारंभ या काळात पूर्ण होतात.

२०२२ च्या अटींनुसार अग्निवीराला निवृत्तिवेतन किंवा उपदान नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. त्याच्या मासिक मानधनातून ३० टक्के रक्कम सेवानिधीत जमा होते. पहिल्या वर्षी मानधन ३०,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ३३,०००, तिसऱ्या वर्षी ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,००० रुपये ठरविण्यात आले. या हिशेबाने चार वर्षांत त्याची स्वतःची बचत ५ लाख २ हजार २०० रुपये होते. तितकीच रक्कम शासन घालते आणि १० लाख ४ हजार ४०० रुपये, अधिक व्याज, एवढा निधी त्याच्या हाती येतो.

हा निधी छोट्या व्यवसायाला भांडवल म्हणून पुरेल. जन्मभराच्या उपजीविकेला तो पुरणारा नाही. पंधरा वर्षांच्या सेवेची जुनी समकक्षताही चार वर्षे सेवा केलेल्या तरुणाला लागू पडत नाही. म्हणून चार वर्षांत त्याने जे शिकले, त्याची नीट मोजदाद होणे अगत्याचे ठरले. शैक्षणिक बदलाची निकड येथून उत्पन्न झाली.

नवी व्यवस्था

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने १५ जून २०२२ रोजी सेवेतील जवानांसाठी तीन वर्षांच्या कौशल्याधिष्ठित पदवी अभ्यासक्रमाची घोषणा केली. हा अभ्यासक्रम इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने तयार केला असून पदवीही तेच विद्यापीठ देते. पदवीसाठी लागणाऱ्या श्रेयांकांपैकी ५० टक्के श्रेयांक अग्निवीराला सैन्यात मिळालेल्या तांत्रिक व इतर प्रशिक्षणातून धरले जातात. उरलेले ५० टक्के श्रेयांक त्याने विद्यापीठाचे विषय अभ्यासून मिळवायचे असतात. भाषा, अर्थशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र, लोकप्रशासन, समाजशास्त्र, गणित, वाणिज्य, पर्यटन, कृषी असे अनेक विषय त्यासाठी उपलब्ध करण्याचे ठरले. पर्यावरण आणि इंग्रजी संभाषण यांचाही त्यात समावेश आहे.

या अभ्यासक्रमातून टप्प्याटप्प्याने बाहेर पडण्याची सोय आहे. पहिल्या वर्षाचा अभ्यास पूर्ण केल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांचा पूर्ण केल्यास पदविका आणि तीन वर्षांचा पूर्ण केल्यास पदवी मिळते. विद्यापीठ अनुदान आयोग, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद आणि राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद यांनी या आराखड्याला मान्यता दिली आहे.

दहावी उत्तीर्ण होऊन दाखल झालेल्या अग्निवीरांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने बारावीचे प्रमाणपत्र मिळविण्याचा खास कार्यक्रम जून २०२२ मध्येच जाहीर केला. सेवा संपताना प्रत्येक अग्निवीराला त्याने मिळविलेल्या कौशल्यांचा तपशील देणारे प्रमाणपत्र देण्याचीही तरतूद आहे.

श्रेयांक म्हणजे काय?

वाचकांपैकी अनेकांना 'श्रेयांक' हा शब्द नवा वाटेल. शिक्षणासाठी दिलेल्या वेळेचे ते माप आहे. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एका वर्षात १,२०० तासांचे शिक्षण धरले जाते आणि त्याबद्दल ४० श्रेयांक मिळतात. म्हणजे ३० तासांना एक श्रेयांक पडतो. वर्गातील अध्यापन, प्रात्यक्षिक, कार्यशाळेतील काम आणि परीक्षा या सर्वांचा त्यात समावेश होतो. मात्र त्या शिक्षणाचे मूल्यमापन झालेले असले पाहिजे.

या मापाने तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक होतात. त्यांचा निम्मा भाग ६० श्रेयांक, म्हणजे १,८०० तास. प्रशिक्षण केंद्रातील आणि पुढे पलटणीतील शिक्षण यांचा विचार केला, तर चार वर्षांत हे तास भरणे अवघड नाही. बँकेच्या खात्यात पैसे जमा व्हावेत, त्याप्रमाणे हे श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावे साठविण्यासाठी 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' ही व्यवस्था जुलै २०२१ मध्ये सुरू झाली. तिच्या विनियमांनुसार जमा झालेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात. अभ्यास मध्येच थांबला, तरी तोवरची मेहनत वाया जाऊ नये, हा यामागील हेतू आहे.

जुन्या आणि नव्या पद्धतींतील फरक येथे स्पष्ट होतो. जुनी पद्धत सेवेची वर्षे मोजत होती. नवी पद्धत शिक्षणाचे तास मोजते.

दोन मुलांचे उदाहरण

हे सारे कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात कसे घडेल, हे पाहण्यासाठी बेंबळीतील दोन मुलांचे काल्पनिक उदाहरण घेऊ. दोघेही सोळाव्या वर्षी दहावी उत्तीर्ण झाले आहेत. भरतीसाठी किमान वय साडेसतरा वर्षे आहे. सामान्य कर्तव्य या प्रवर्गासाठी दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ३३ टक्के गुण लागतात.

पहिल्या मुलाने अकरावीला नाव घातले नाही. पहाटे रस्त्यावर धावायचे आणि दिवसा शेतात काम करायचे, असा क्रम ठेवून तो अठराव्या वर्षी भरती झाला. दुसऱ्याने धावणे चालू ठेवून बारावी पूर्ण केली आणि तोही त्याच वर्षी भरती झाला. दोघांचे मानधन सारखेच, प्रशिक्षणही सारखेच.

चार वर्षांनंतर मात्र फरक पडतो. पहिल्याला सेवेत असताना आधी बारावी करावी लागते. सुरुवातीचे महिने कडक प्रशिक्षणात जातात. मग पलटणीत रुजू व्हायचे आणि कदाचित सीमेवर जायचे. बारावीला दोन वर्षे लागली, तर पदवीसाठी उरलेल्या दोन वर्षांत तो फार तर पदविकेपर्यंत पोहोचेल. दुसऱ्याला पहिल्या वर्षानंतर पदवीचा अभ्यास सुरू करता येतो आणि तीन वर्षांत तो पदवीधर होऊ शकतो. दोघेही एकाच दिवशी गावी परतले, तरी स्पर्धा परीक्षेच्या अर्जापाशी त्यांच्या वाटा वेगळ्या होतील. हा फरक दहावीनंतरच्या दोन वर्षांनी, म्हणजे मुले अजून गावातच असताना, पडलेला असतो.

शिक्षकांनी काय करावे?

भरतीची तयारी करणाऱ्या मुलाला बारावी सोडू न देणे, हे शिक्षकांचे पहिले काम होय. तांत्रिक प्रवर्गासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व इंग्रजी हे विषय लागतात. २०२३ मध्ये भरतीच्या पद्धतीत बदल होऊन शारीरिक चाचणीच्या आधी संगणकावरील लेखी परीक्षा घेण्यास आरंभ झाला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र किंवा तंत्रनिकेतनाची पदविका असलेल्यांना तांत्रिक प्रवर्गात वाढीव गुण देण्याचेही तेव्हाच ठरले. त्यामुळे केवळ धावण्यावर भिस्त ठेवणारा मुलगा आता पहिल्याच पायरीवर मागे पडतो. जोडारी, वीजतंत्री, संधाता यांसारखे व्यवसाय शिकलेल्याला भरतीत लाभ होतो आणि सैन्यातील पुढील शिक्षणालाही त्याचा पाया मिळतो.

दुसरे काम दाखल्यांचे आहे. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका आणि आधारपत्र यांत नाव, वडिलांचे नाव व जन्मतारीख एकसारखी असली पाहिजे. श्रेयांकांचे खाते याच माहितीवर उघडले जाते. एखाद्या अक्षराचा फरक शाळेत असताना सहज दुरुस्त होतो. तोच जवान लडाखमध्ये असताना दुरुस्त करायचा म्हटले, तर रजा खर्ची पडते.

मुलींनाही ही माहिती अवश्य द्यावी. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ मधील आदेशानंतर खडकवासल्याच्या प्रबोधिनीची दारे मुलींना खुली झाली. २०२२ मध्ये दाखल झालेल्या मुलींपैकी १७ जणी मे २०२५ मध्ये प्रबोधिनीतून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. नौदलातील महिला अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीने मार्च २०२३ मध्ये आयएनएस चिल्का येथे प्रशिक्षण पूर्ण केले. महाराष्ट्र शासनाने मुलांसाठी १९७७ मध्ये औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था स्थापन केली होती. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ मध्ये नाशिक येथे सुरू झाली. दहावीच्या वर्गातच या वाटा मुलामुलींना दाखविल्या, तर जवान होण्याबरोबर अधिकारी होण्याचेही स्वप्न त्यांना पाहता येईल.

पंचायत व अधिकाऱ्यांचे दायित्व

गावातून कोण, केव्हा व कोणत्या दलात गेले, याची साधी नोंदवही ग्रामपंचायतीने ठेवावी. तिच्यावरून कोणाची सेवा केव्हा संपते, हे आधीच कळेल. सेवा संपण्यापूर्वीच्या रजेत जवान गावी आला असता त्याच्या बारावीचे, पदवीचे व कौशल्य प्रमाणपत्राचे काम कोठवर आले, याची आस्थेने विचारपूस करावी. धाराशिव येथील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, जिल्हा रोजगार मार्गदर्शन केंद्र आणि शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांच्याशी त्याची गाठ घालून द्यावी. या कामांना निधीची आवश्यकता नाही. कोणा एका सदस्याने ती मनावर घेतली म्हणजे पुरे.

अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यांचे दायित्व याहून मोठे आहे. मुक्त विद्यापीठाची पदवी पाहून 'ही नियमित पदवी नाही' असा शेरा मारण्याची सवय काही ठिकाणी अद्याप आढळते. मान्यताप्राप्त मुक्त व दूरस्थ शिक्षणसंस्थांच्या पदव्या नियमित पदव्यांच्या बरोबरीच्या समजाव्यात, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. ज्या पदवीचे निम्मे श्रेयांक देशाच्या सीमेवर मिळविलेले आहेत, ती अज्ञानापोटी नाकारली जाऊ नये, एवढी दक्षता प्रत्येक कार्यालयाने घेतली पाहिजे.

मर्यादा

या व्यवस्थेकडून अवाजवी अपेक्षाही ठेवू नयेत. पदवी आपोआप मिळत नाही. निम्मे श्रेयांक प्रशिक्षणातून आले, तरी उरलेल्या निम्म्यांसाठी नाव नोंदवावे लागते, अभ्यास करावा लागतो आणि परीक्षाही द्यावी लागते. ही पदवी अभियांत्रिकीची नव्हे. ज्या व्यवसायाला स्वतंत्र परवाना लागतो, तेथे तो काढावाच लागेल. पदवी हाती आली म्हणजे नोकरी मिळालीच, असेही नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत अग्निवीरांसाठी १० टक्के जागा राखीव ठेवण्याचा निर्णय जून २०२२ मध्ये जाहीर झाला. परंतु तेथेही भरतीची प्रक्रिया पार करावी लागते.

गावाचा लाभ

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे उद्ध्वस्त केली. त्या वेळी ढिगाऱ्यांखालून माणसे काढण्यासाठी सैन्याचे जवान धावून आले. बेंबळीच्या परिसरातील वडीलधाऱ्या मंडळींना ते दिवस आठवतात. प्रथमोपचार, बचावकार्य, संदेशवहन आणि यंत्रे हाताळणे यांत तयार झालेले तरुण गावोगाव असणे, ही आपत्तीच्या वेळी केवढी मोठी जमेची बाजू आहे, हे या जिल्ह्याला वेगळे सांगावयास नको.

असे तरुण आता दरवर्षी गावाकडे परतणार आहेत. त्यांच्याजवळ शिस्त असेल, थोडे भांडवल असेल आणि चार वर्षांचे शिक्षण असेल. त्या शिक्षणाची मोजदाद करण्याची सोय शासनाने केली आहे. मुलगा बारावी पूर्ण करून जातो की नाही, त्याचे कागद नीट आहेत की नाहीत आणि परत आल्यावर त्याचे प्रमाणपत्र समजून घेणारा कोणी कार्यालयात भेटतो की नाही, या तीन गोष्टी मात्र गाव, शाळा आणि तालुका यांच्या हाती आहेत. येत्या दहावीच्या निकालानंतर शाळेने पालकांची एक सभा बोलावून ही माहिती समजावून सांगितली, तरी या कामाला चांगली सुरुवात होईल.